कुऱ्हाडी बरोबर कुऱ्हाडी?

आज बोलायचंय 'बरोबर' या चिन्हाबद्दल, आणि त्याच्या दोन भावंडांबद्दल: 'लहान' आणि 'मोठं'.

धान खरेदी केंद्राचं एखादं ॲप डोळ्यांसमोर आणा. धानाचं वजन अजून भरलेलं नाही, रकाना रिकामा, म्हणजे नल. जावास्क्रिप्टला विचारा, नल शून्यापेक्षा मोठा का? नाही. शून्याबरोबर? नाही. बरं, मोठा किंवा बरोबर? हो! आता बोला. लहान-मोठं बघताना ही भाषा नलला शून्य धरते, नुसतं 'बरोबर' बघताना धरत नाही. एकाच पोत्याला दोन काटे. पायथन 3 मध्ये नन शून्यापेक्षा मोठा का विचारलं, तर सरळ एरर येतो. मला तेच आवडतं. तुलना होत नसेल तर नाही म्हणा ना!

पण मराठीला जास्त छळणारी भानगड वेगळीच आहे. आपल्या गोरेगाव तालुक्यातलं कुऱ्हाडी घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता. पहिल्या प्रकारे गावाच्या नावात 8 कोड, दुसऱ्या प्रकारे 9. युनिकोड म्हणतं, दोन्ही एकच समजा. जावास्क्रिप्टचं तिहेरी 'बरोबर' म्हणतं, वेगळे. आणि त्याच भाषेतलं, क्रम लावायला वापरतात ते लोकेल-कम्पेअर म्हणतं, फरक शून्य!

समजा, दोन ऑपरेटरांनी दोन वेगळ्या कीबोर्डांवरून गाव टाकलं. क्रम लावलेल्या यादीत सगळे कुऱ्हाडीवाले एकत्र दिसतील, म्हणून कुणाला शंकाही येणार नाही. गावाच्या नावाने शोधलं की मात्र काहीच जण सापडतील. सुटलेल्यांचे चुकारे अडकले, तर केंद्रावर खेटे कोण घालणार? शेतकरीच.

स्विफ्टमध्ये दोन्ही कुऱ्हाडी 'बरोबर' ठरतात, म्हणून 'लहान'ही नाही आणि 'मोठं'ही नाही. डिक्शनरीतसुद्धा दोघांची एकच की. अशा तुलनेला थोडं जास्त काम पडतं, पण मला तो सौदा मान्य आहे. तुलना होत असेल तर तिघांपैकी नेमकं एकच उत्तर 'हो' यावं, आणि सॉर्ट, सर्च, हॅश या सगळ्यांनी तेच उत्तर मानावं. भाषा बनवणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच.

तोवर जावास्क्रिप्टवाल्यांनो, नॉर्मलाइज नावाचं फंक्शन आहे. नाव साठवताना चालवा, आणि शोधतानाही.