हलकी पुस्तके आणि जड दिवस



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सारे बोलून झाले. आम्हांला मात्र चालकांनी ‘उन्हाळ्यातले हलके वाचन’ हा विषय दिला. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण कर्जत स्टेशनावर आणि खोपोलीच्या कारखान्यांत झाले. तेव्हा विषय आमच्या मापाचाच मिळाला.

बोरघाट चढण्यासाठी पुण्याच्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात, हे आपण जाणताच. तेवढ्या थांब्यात प्रवासी वडा खातो आणि पुस्तकाचे पान उलटतो. आमच्या पोरवयात अशी वाचून टाकलेली पुस्तके रद्दीवाल्याकडे येत. तेच आमचे पहिले ग्रंथालय. तेथे आम्हांला बाबूराव अर्नाळकर भेटले. या गृहस्थांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांनी आमची कितीतरी दुपारची जेवणे थंड केली.

पुढे खोपोलीत ठेकेदाराकडे कामाला लागलो. एका खोलीत आठ जण. मे महिन्यात रात्रीदेखील पत्रा तापलेला असे, झोप येत नसे. मग आम्ही मोठ्याने झुंजारकथा वाचीत असू. सोबत्यांत एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सारे मामा म्हणत. मामांना अक्षरओळख नव्हती. पगारपत्रकावर अंगठा उठवीत. एकदा झुंजार नेमका तळघरात कोंडला गेला आणि आम्हांला रात्रपाळी लागली. आठवडाभर पुस्तक मिटलेले राहिले. शेवटी मामा म्हणाले, “बाबा, मला अक्षरं दाखव. तुझ्या पाळीपायी माझा झुंजार अडकून राहतोय.”

वर्षभरात मामा अडखळत का होईना, वाचू लागले. आणि एका पगाराच्या दिवशी त्यांनी अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचला. जादा कामाचे बावीस तास भरले होते, कागदावर चौदाच होते. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे तेव्हा जादा तासाला दुप्पट मजुरी द्यावी लागे. आम्ही सारे मिळून गेलो, मामांचे पैसे मिळाले. पण पावसाळा लागताच ठेकेदाराने मामांना काढले आणि पुन्हा घेतले नाही. आम्हांला तेव्हा काही करता आले नाही. युनियन काढण्याचे आम्ही त्या पावसाळ्यात ठरवले.

म्हणून कोणी अशा पुस्तकांना ‘टाकाऊ’ म्हटले, की आम्हांला मामा आठवतात. त्यांच्या हाती पहिल्याच दिवशी जाडजूड ग्रंथ दिला असता, तर त्यांनी तो उशाला घेतला असता.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचेही तेच. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१ साली आली. पुढे हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले; १९६२ साली रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने घराघरांत माधवराव-रमाबाई पोहोचवले. त्या वाचूनच आम्ही उंबरखिंड पाहायला गेलो. आमच्याच खालापूर तालुक्यात १६६१ च्या फेब्रुवारीत शिवरायांनी कारतलबखानाला कोंडले, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. मात्र तेथे उभे राहिल्यावर प्रश्न पडला : या रानवाटा दाखवल्या कोणी? ओझी वाहिली कोणी? कादंबरीत राजांचे घोडे असतात, घोड्यांना वैरण आणणारा क्वचित असतो. करमणुकीने वाचायला शिकवले, प्रश्न विचारायला आपण शिकायचे.

अलीकडे परदेशांत नामांकित नटनट्यांच्या नावावर कादंबऱ्या खपतात. त्यांतल्या काही पडद्याआडचा दुसराच लेखक लिहितो. राबतो एक, नाव दुसऱ्याचे! ही कंत्राटी पद्धत आमच्या चांगल्या ओळखीची आहे. वाचा, जरूर वाचा. फक्त राबणाऱ्याची आठवण ठेवा.

शेवटी एकच सांगणे. वाचायला सवड लागते, आणि सवड फुकट मिळत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर. आजही कर्जत-खालापूरच्या कितीतरी कंत्राटी मजुरांना ती सुट्टी घेतली की रोज बुडतो. ग्रंथालयाच्या चालकांना आमची विनंती आहे : संध्याकाळी कामगार सुटतो त्या वेळी दार उघडे ठेवा, रविवारी तर ठेवाच, आणि रहस्यकथांचे कपाट दाराजवळ मांडा. आत कसे यायचे ते माणूस मग आपोआप शिकेल.

आमच्या मामांच्या झुंजाराला स्मरून आपली रजा घेतो.