काकडीची हवा आणि बाबांची गिटार

वफ्राहून बोलतोय.

कुवेत शहरात राहणाऱ्यांना वफ्रा म्हणजे सुट्टीच्या दिवशी गाडी काढून ताजी भाजी आणायची जागा. देशाचं दक्षिण टोक, सौदीची हद्द जवळ, एकीकडे तेलाच्या विहिरी आणि दुसरीकडे शेतं. मी इथल्याच एका शेतावर कामाला आहे. काकडी आणि टोमॅटोच्या हरितगृहांतली हवा सांभाळायची, हे माझं काम. बाहेर वाळवंट तापलेलं असताना आत काकडीला हवा तसा ओलावा राहिला पाहिजे. दिवसातून चार वेळा मी तो मोजतो आणि वहीत लिहितो.

आज बोलायचंय ते गिटारीबद्दल. गिटार वाजवत नाही म्हणून कार्यक्रम बंद करू नका हं. तुमच्या घरी गावाकडून आणलेली सतार असेल, तंबोरा असेल, आजीची पेटी असेल, तर हे तुमच्यासाठीही आहे.

जून महिना होता. रात्री दोनच्या सुमाराला खोलीत 'टक्क' असा आवाज झाला. वाटलं, एसीचं काहीतरी असेल. सकाळी पाहतो तर भिंतीला टेकवलेल्या बाबांच्या गिटारीच्या वरच्या फळीला बोटभर लांबीची चीर गेलेली. बाबा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुंबईतलं घर आवरताना भावानं विचारलं, तुला काय हवं? मी म्हटलं, गिटार. आणि मांडीवर ठेवून विमानातून आणल्यासारखी जपून आणली. मग काकडीसाठी दिवसातून चार वेळा ओलावा मोजणाऱ्या मला, माझ्या खोलीत तो एकदाही मोजावासा वाटला नाही!

आधी ही गिटार कशी आहे ते सांगतो. आपण चित्रात पाहतो ती गिटार आठच्या आकड्यासारखी, दोन्ही खांदे सारखे. बाबांच्या गिटारीचा एक खांदा मानेपाशी आत कापलेला आहे. याला कटअवे म्हणतात. कारण सोपं आहे. साध्या गिटारीत मान आणि पेटी बहुतेक चौदाव्या फ्रेटपाशी जुळतात. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, सतारीला पडदे असतात तसे. त्याच्या पुढे वरचे सूर असतात, पण हाताला पेटीचा खांदा आडवा येतो. तो कापला की पंजा आत जातो आणि बोटं वरच्या सुरांपर्यंत पोचतात. कापाचं टोक गोल असेल तर त्याला व्हेनेशियन म्हणतात, टोकदार असेल तर फ्लोरेंटाइन. बाबांची गोल.

म्हणजे हा खांदा दिसायला छान म्हणून कापलेला नाही. त्यावरून गिटार कशासाठी बनवली ते कळतं. पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी मारिओ माकाफेरी यांनी 1932 मध्ये खांदा कापलेली गिटार आणली, ती पुढे जँगो राइनहार्टच्या हातात गाजली. अमेरिकेत गिब्सननं 1939 मध्ये आपल्या मोठ्या गिटारींना कटअवे दिला. वाद्यवृंदात मागे बसून ताल धरणारा गिटारवाला आता पुढे येऊन एकटा सूर छेडू लागला होता, त्याला वरचे सूर हवे होते.

आपल्याकडे मात्र गिटारीनं आणखी एक वाट धरली. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि तारांवरून पट्टी सरकवत राग वाजवले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी साठच्या दशकातली. तिच्यात तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर आहेत. अशा वादनात हात तारांच्या वरून येतो, त्यामुळे कापलेल्या खांद्याची तेवढी गरज पडत नाही. उभी धरून, मानेखालून पंजा घालून वाजवणाऱ्यालाच तो खरा उपयोगी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबांच्या गिटारीला मध्ये गोल भोक नाही, व्हायोलिनसारखी दोन इंग्रजी एफच्या आकाराची भोकं आहेत. त्यातून टॉर्च मारला की आत अर्धं फाटलेलं लेबल दिसतं. 'मेड इन जर्मनी' एवढंच वाचता येतं. कोणत्या कारखान्याची ते कळत नाही. पण त्या काळच्या जर्मन गिटारींची गोष्ट आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी आहे. शोनबाख हे बोहेमियातलं वाद्य बनवणाऱ्यांचं गाव, आज ते चेक देशात आहे. 1887 पासूनची हॉफनर कंपनी मूळची तिथलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांना गाव सोडावं लागलं. त्यातले पुष्कळ कारागीर बव्हेरियात बुबेनरॉइट नावाच्या खेड्यात येऊन वसले आणि पुन्हा वाद्यं करू लागले. घरदार मागे राहिलं, हातातलं कसब तेवढं बरोबर आलं.

आता चीर का पडली ते पाहू. लाकूड कापलं तरी हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. आणि ते रेषांच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही, रेषांना आडवं हलतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. गिटारीला मानवते ती 45 ते 55 टक्के. माझ्या खोलीत एसीखाली मी नंतर मोजली, ती निघाली 22. फळी आकसू पाहते, पण चारी कडांनी सरसानं पकडलेली. वर तारांचा ताण, सगळ्या तारांचा मिळून सुमारे 70 किलो. कुठेतरी सुटणारच. फळी रेषेवर उकलली, एफच्या भोकाजवळ, कारण तिथे ती मुळातच कापलेली असते.

त्यानंतर मी जी चूक केली, ती तुम्ही करू नका. घाबरून ओला टॉवेल गिटारीभोवती गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी चीर तशीच, आणि वर पॉलिशवर पांढरे ढग! हवा एकदम बदलली म्हणून इजा झाली होती, आणि मी ती पुन्हा एकदम बदलली.

शहरात एका दुकानात दाखवली. ते म्हणाले, चीर भरून देतो, जुनं पॉलिश घासून नवा स्प्रे मारतो, अगदी कोरी दिसेल. पैसेही परवडणारे होते. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. रात्री आईला फोनवर सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "अरे, कोरी कशाला करतोस? यांची कोरी कधी नव्हतीच. जुन्यातलीच घेतली होती."

ऑगस्टमध्ये सुट्टीवर जाताना गिटार परत मुंबईला नेली. तिथे एक वयस्कर काका जुनी तंतुवाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी गिटार हातात घेतली, टॉर्च लावला, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा एफमधून आत घातला आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दोन आठवडे मी हिला हात लावणार नाही." बाहेर धो धो पाऊस. त्यांनी गिटार एका बंद कपाटात ठेवली, खाली एक छोटा बल्ब जळत. मुंबईत हवेतला ओलावा काढायला बल्ब लागतो, वफ्रात घालायला ओला स्पंज. काटा 50च्या आसपास आणून तो तिथे राहू द्यायचा, एवढंच त्यांचं पहिलं काम. दोन आठवड्यांनी गेलो तर चीर आपोआप मिटून केसाएवढी उरलेली. आधीच भरली असती, तर लाकूड फुगल्यावर तो भराव पाचरीसारखा बसला असता आणि शेजारी नवी चीर पडली असती.

मग त्यांनी सरस तापवला. आपल्या जुन्या सुतारांचा, जनावराच्या कातड्यापासून केलेला. मी विचारलं, हल्लीचे गोंद याहून पक्के नाहीत का? ते म्हणाले, "पक्के आहेत, म्हणूनच नकोत. सरस ऊब आणि ओलाव्यानं सुटतो. उद्या माझ्यापेक्षा शहाणा कुणी आला तर त्याला माझं काम काढता आलं पाहिजे." आतून चिरेवर लाकडाच्या पातळ चकत्या आडव्या बसवल्या. एफमधून हात आत जात नाही, म्हणून एक लोहचुंबक आत, एक बाहेर, आणि त्यांच्या पकडीत चकती सुकेपर्यंत दाबलेली.

कटअवेपाशी वेगळंच दुखणं होतं. बाजूची पट्टी तिथे सगळ्यात जास्त वाकवलेली असते. कडेला जी पांढरी किनार असते ती सेल्युलॉइडची. ती वर्षानुवर्षं आकसत जाते आणि नेमकी त्या वळणावर ताणून सुटते. तीही काकांनी ऊब देऊन, कापडी पट्टीनं बांधून, हळूहळू जागेवर आणली. बोटांखालची सेल्युलॉइडची पट्टी मात्र काढून वेगळी दिली. हे जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्ल वाफा येतात आणि शेजारचं धातूचं सामान गंजतं. म्हणून ती आता कागदात गुंडाळून गिटारीपासून लांब ठेवली आहे.

राहिलं पॉलिश. काकांनी कटअवेच्या आतल्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पॉलिश पार उडून लाकूड उघडं पडलं होतं, पंजाएवढं. मग मान उजेडात धरून फ्रेट दाखवले. फक्त कॉर्ड धरणाऱ्याची गिटार खालच्या चार-पाच फ्रेटवर झिजते. बाबांची बाराव्याच्या पुढेही झिजली होती, वरच्या दोन तारांखाली. काकांनी विचारलं, "तुमचे वडील सोलो वाजवायचे ना?"

मी नाही म्हणालो. आम्हा भावंडांना माहीत असलेले बाबा गणपतीत ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत बसून कॉर्ड धरायचे. संध्याकाळी आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वाजवायचे की! रात्र रात्र कार्यक्रम असायचे. तू झालास आणि सोडलं त्यांनी. मागे बसून वाजवलं की मध्येच उठून घरी येता येतं, म्हणायचे."

ती झीज आधीच्या कुणाचीही असू शकते, गिटार जुन्यातलीच घेतलेली. पण तो घासलेला खांदा पाहिला नसता तर मी आईला हे कधी विचारलं नसतं. पॉलिश आम्ही तसंच ठेवलं. चिरेची रेषही बारकाईनं पाहिलं तर दिसते.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. एक, साधा हायग्रोमीटर आणा आणि वाद्याच्या पेटीतच ठेवा. तो खरं सांगतो का हे पाहायचं असेल, तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्यानं ओलसर करा, विरघळवू नका. झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा 75च्या जवळ हवा. दोन, वाद्य भिंतीवर किंवा एसीच्या झोतात नको, पेटीत ठेवा. साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती डबी पेटीत ठेवा, वाद्याला चिकटू देऊ नका. तीन, उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंही नको, त्या उष्णतेत सरस सुटतो. चार, चीर पडली तर काहीही लावू नका. तारा थोड्या सैल करा, पण एफ भोकांच्या गिटारीच्या सगळ्या तारा एकदम काढू नका. तिची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, ती जागेवरून निसटेल.

आणि कुणी कोरी करून देतो म्हणालं, तर आधी घरी फोन करा. झीज कुणाच्या हाताची आहे, हे सांगणारं माणूस अजून असेल तर त्याला विचारून घ्या.

आज सकाळी काटा 48 होता. काकडीच्या आकड्यांखाली आता मी तोही वहीत लिहितो. वाजवायला अजून येत नाही, तीन कॉर्ड धरता येतात.

बरंय मंडळी, भेटू पुन्हा. नमस्कार!