खात्यापित्या घरची ढेरी

नंदुरबार जिल्हा म्हटलं की कुपोषण, हे समीकरण पक्कं झालंय. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर ते खरंही आहे. त्यामुळे खापरसारख्या गावाच्या संदर्भात लठ्ठपणावर बोलायचं म्हटलं की लोक हसतात. पण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या या बाजाराच्या गावात दुकानांच्या गल्ल्यामागे जरा बघा. हातपाय काटकुळे, आणि सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं, तर २०.८ टक्के स्त्रियांचं कमी. उपासमार आणि ढेरी शेजारीशेजारी नांदताहेत.

त्यांचं नातंही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच हलकी, पण ती कमतरता मुख्यतः स्नायूंत. चरबी मात्र टिकून राहिलेली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापला गेला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! टंचाईत घडलेल्या शरीराला मोठेपणी सुबत्ता मिळाली, की पोटापासून सुरुवात होते, आणि मागून मधुमेह येतो. म्हणजे आईच्या पोटातल्या उपासाची उधारी चाळिशीत वसूल होते.

आता ही सुबत्ता कसली, तेही बघा. दादर ज्वारी, भगर, मोर ही भरड धान्यं ताटातून मागे सरली आणि रेशनचा तांदूळ-गहू पुढे आला. गुजरात हाकेच्या अंतरावर, म्हणून सकाळी फाफडा-गाठिया, दुपारी भजी, आणि माणूस भेटेल तिथे चहा, तोही साखरेचा पाक म्हणावा असा. तेलाची पिशवी तर किराण्यात सगळ्यांत आधी संपते. माणशी महिन्याला साधारण अर्धा किलो तेल पुरे, असं डॉक्टर सांगतात. घरात माणसं किती आणि पिशव्या किती, हिशेब तुम्हीच करा.

पण सगळा दोष जिभेवर ढकलणं मला पटत नाही. शेतावर चालत जाणारा माणूस मोटारसायकलवर बसला, यात त्याचं काय चुकलं? रात्री उशिरापर्यंत दुकान चालवायचं, मग जेवायचं, मग मोबाइल. झोप उरते किती? आणि बाईमाणसानं फिरायला जायचं तरी कुठे? कडेनं ट्रक धडधडत जाणाऱ्या रस्त्यावर? सून संध्याकाळी नुसतीच फिरते म्हटल्यावर चार घरं विचारतात, ‘कुठं निघाली?’ घरकाम दिवसभर असतं, पण बाळंतपणानंतर वाढलेलं वजन त्यानं उतरत नाही.

शिवाय आपल्याकडे ढेरीला मान आहे. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे आपण कौतुकानं म्हणतो. जावई बारीक झाला तर सासू काळजीत पडते. ज्यांच्या आजोबांनी दुष्काळ पाहिला, त्यांना हे कौतुक वाटणारच, आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह मोडायला जी हिंमत लागते ती माझ्यातही नाही.

म्हणून निदान मोजून तरी घ्या. वजनकाटा आपल्या बांध्याबद्दल पुरतं खरं सांगत नाही, टेप सांगते. बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत हवी. स्त्रियांची ८० सेंटिमीटर, साडेएकतीस इंचांच्या आत. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्य तपासणीचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात, त्यात कंबरेचं माप असतं. अडचण एवढीच, की त्या येतात तेव्हा घरात बायका असतात आणि पुरुष दुकानावर. तेव्हा पुरुषांनी आरोग्य केंद्रात जावं, आणि माप घेतल्यावर रक्तातली साखर, रक्तदाबही तपासून घ्यावा. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत.