बोटीवरचा पहिला अर्धा तास



आगगाडीच्या, एसटीच्या आणि बोटीच्या प्रवाशाला आपल्याकडे पूर्वी ‘उतारू’ म्हणत. गाडीत बसलेल्या माणसाला उतारू का म्हणायचं, हे लहानपणी मला कळत नसे. उतरणारा तो उतारू. निघालेला माणूस सुखरूप उतरला पाहिजे, ही काळजी त्या शब्दातच आहे, असं मला पुढे वाटू लागलं. आज समुद्रावरच्या सहलीबद्दल, म्हणजे हल्ली ज्याला क्रूझ म्हणतात तिच्याबद्दल, चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्या या शब्दाला धरूनच सांगतो.

मी आचोळ्याला राहतो, नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला. आमचं सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचं नामांकित बंदर. शूर्पारक या नावानं ते ओळखलं जाई आणि इथून गलबतं पश्चिमेकडच्या देशांना जात. आज मात्र आम्हाला समुद्र भेटतो तो रविवारी, राजोडी नाहीतर कळंबच्या किनाऱ्यावर, तोही घोट्यापर्यंत. बोटीवर पाऊल न ठेवता म्हातारी झालेली माणसं आमच्याकडे पुष्कळ. पण अलीकडे मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशातल्या देशात जाणाऱ्या क्रूझ सुरू झाल्या आणि चित्र बदललं. देशातल्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मग वडील निवृत्त झाले, आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, की मुलं हौसेनं तिकीट काढून देतात. तिकीट हातात पडतं, पण तिथं गेल्यावर काय करायचं हे सांगायला कोणाला सवड नसते. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी बायको अशी एक फेरी करून आलो. तेव्हापासून शेजारची मंडळी विचारायला येतात. बोट लागेल का? फोन लागेल का? रात्री काही झालं तर? हे बोलणं त्या प्रश्नांसाठीच.

सुरुवात खोलीपासून. बोटीवरच्या खोलीला केबिन म्हणतात. सर्वांत स्वस्त ती आतली, तिला खिडकी नसते. मग खिडकीची आणि मग बाल्कनीची. खिडकी नसली तर जीव घुसमटेल असं वाटणाऱ्यांनी थोडे पैसे अधिक घालावेत. बाकीच्यांनी आतली घ्यायला हरकत नाही, कारण दिवसभर आपण बाहेरच असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केबिन कुठं आहे ते. बागेतल्या सी-सॉच्या टोकाला बसलेलं मूल वरखाली होतं, मधल्या खुंटीजवळचं फारसं हलत नाही. बोटीचंही तसंच. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची केबिन मागावी. गोव्याकडे जाताना डाव्या हाताला कोकणचा किनारा असतो आणि उजव्या हाताला मोकळा समुद्र आणि सूर्यास्त. परतताना हे उलटं होतं.

पैशांचंही आधीच विचारून घ्यावं. जाहिरातीतला आकडा बहुधा दोघांनी एक केबिन वापरली तर माणशी किती, असा असतो. त्यावर बंदराचे आकार, कर आणि सेवाशुल्क चढतं. जेवणखाण आणि करमणुकीचे कार्यक्रम साधारणपणे तिकिटात येतात. थंडपेयं, इंटरनेट आणि बंदरावर उतरून केलेली सहल बहुधा वेगळी. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. केबिनची किल्ली म्हणून दिलेल्या कार्डावरच खर्च लिहिला जातो आणि शेवटी बिल येतं. नातवंडांच्या हाती ते कार्ड देताना हे लक्षात ठेवावं.

आता निघायचा दिवस. बोट सुटते मुंबईत बॅलार्ड पिअरहून. चढण्याची वेळ तिकिटावर दिलेली असते आणि दार बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. चुकलेल्या माणसासाठी बोट थांबत नाही. आमच्याकडच्यांना बोटीपेक्षा अवघड आहे ती विरार लोकल. सकाळच्या गर्दीत चाकांच्या बॅगा घेऊन नालासोपाऱ्याला गाडीत शिरणं अशक्यच. गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास निघावं, चर्चगेटहून टॅक्सी करावी. धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला काही तास जातात. म्हणून रोजच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. मधुमेहाची गोळी मोठ्या बॅगेत गेली, तर संध्याकाळपर्यंत हातात यायची नाही. इस्त्री, पाण्याची किटली असल्या वस्तू नेऊ नयेत. आग हा बोटीवरचा मोठा धोका असल्यानं त्या काढून घेतात.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. बोटीवर पाय ठेवल्यावर सगळ्यांची धाव जाते ती फोटोंकडे, पोहण्याच्या तलावाकडे आणि जेवणाकडे. त्याआधी एक अर्धा तास बाजूला काढा. आमच्या कोकणी मुसलमानांत घरटी एखादा तरी माणूस जहाजावर असायचा. माझे एक मामू मालवाहू जहाजावर सारंग होते. ते सांगायचे, “चढताना उतरायची वाट बघून घे.” केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक नकाशा लावलेला असतो. संकटात आपण कोणत्या जागी जमायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. ती जागा पाहून या. लिफ्टनं जाऊ नका, जिन्यानं चालत जा, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. जाताना दारं मोजा. जीवरक्षक जाकीट केबिनमध्ये आहे की जमण्याच्या जागी, ते विचारा. बरोबर लहान मूल असेल तर त्याच्या मापाचं जाकीट तेव्हाच मागून घ्या. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला, तर ती संकटाची सूचना. एवढं केलं की कवायतीला जायचं. ती सर्वांना सक्तीची असते. तिथं गप्पा मारत उभं राहू नये आणि ‘आम्ही नंतर येतो’ म्हणून केबिनमध्ये लोळत पडू नये.

हे मी भीती घालायला सांगत नाही. यामागे इतिहास आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही प्रचंड क्रूझ बोट खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. कारण तेव्हा चोवीस तासांत कवायत घेतली तरी नियमात बसत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हावी लागते. आपला अर्धा तास मोडतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे आठवावं.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. दिवस आषाढ अमावास्येचा, सणाला घरी निघालेल्या लोकांनी बोट भरलेली. पावसाळी समुद्रात लाट आत आली, लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. कोकणात अजून त्या बोटीचं नाव हळू आवाजात घेतात. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला चाललेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, त्यात १५ जण गेले. आपल्याला जाकिटं दिलीच नव्हती, असं वाचलेल्या अनेक प्रवाशांनी सांगितलं. आजच्या क्रूझ बोटी रामदासपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, त्यांच्याकडे साधनं आहेत. पण साधन कुठं आहे हे उतारूला माहीत नसेल, तर ते असून नसल्यासारखंच.

हा अर्धा तास दिला की पुढचे दिवस निर्धास्तपणे मजेचे. तरी बोट लागण्याचा प्रश्न राहतोच. गाडी लागते तशीच बोट लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या दोघांचं जुळत नाही, म्हणून मळमळतं. अशा वेळी केबिनमध्ये पडून राहिल्यानं किंवा मोबाइलकडे पाहिल्यानं त्रास वाढतो. उघड्या डेकवर यावं आणि समुद्र नि आकाश जिथं मिळतं त्या रेषेकडे पाहत राहावं. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आल्याचा तुकडा चघळावा. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांनी झोप येते, रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी तर विचारलंच पाहिजे. हिवाळ्यात आपल्याकडचा समुद्र बराच शांत असतो, म्हणून पहिली फेरी हिवाळ्यात करावी. आणि खर्च करण्याआधी अंदाज घ्यायचा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे, २०२० पासूनची. तासाभराचा मोकळा समुद्र मिळतो. आमच्याकडे वसई-भाईंदर रो-रोही २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती खाडीतली. तिच्यावरून परीक्षा करू नये.

किनारा मागे पडला की फोनची रेंज जाते. मध्येच कधी बोटीवरचं उपग्रहाचं जाळं फोन पकडतं आणि त्याचे दर भयंकर असतात. त्यामुळे निघतानाच फोन विमानातल्यासारखा बंद ठेवावा. घरी आधी सांगून ठेवावं की दोन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका. नाहीतर आचोळ्यात सगळी रात्र जागून काढतात.

जेवणाची रेलचेल असते. शाकाहारी आणि जैन जेवण आपल्याकडच्या फेऱ्यांवर मिळतं. हलालचं काय, हे माझ्यासारख्यांनी तिकीट काढतानाच विचारावं. ताटात थोडं थोडं घ्यावं. आणि जेवणाआधी हात साबणानं धुवावेत. बोटीवर हजारभर माणसं एकाच ठिकाणी जेवतात, एकाच जिन्याचे कठडे धरतात. उलट्या-जुलाबाची साथ तिथं पटकन पसरते आणि तिच्या काही विषाणूंवर हाताला चोळायचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.

नमाजीही मला विचारतात, किबला कसा धरायचा? मुंबईहून मक्का पश्चिमेपासून किंचित उत्तरेला आहे. बोट दक्षिणेला गोव्याकडे चालली असेल तर किबला उजव्या हाताला, जरासा मागे. परतताना डाव्या हाताला, जरासा पुढे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नसे. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला बोट जात होती. पेट्या, लोणच्याच्या बरण्या आणि वळकट्या घेऊन माणसं कित्येक दिवस समुद्रावर काढत. कोकण बोटीवर चाकरमानी डेकवरच चादर टाकत. हर्णै, जयगडला पडावातून चढ-उतार होई. आपल्याला थंड हवेची केबिन मिळते, पण समुद्र तोच आहे. तो पाहायचा असेल तर एकदा पहाटे चारला उघड्या डेकवर जावं. कार्यक्रम संपलेले असतात, गाणी थांबलेली असतात. दूर मच्छीमार होड्यांचे दिवे दिसतात आणि वर तारे. मुंबईत इतके तारे दिसत नाहीत. कठड्यावर मात्र रेलू नये आणि फोटोसाठी त्यावर चढू तर मुळीच नये.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे बाजूला काढल्याशिवाय बॅग बंद करू नका. रात्रीच्या पायजम्यात उतरलेले गृहस्थ मी स्वतः पाहिले आहेत. बिल रात्रीच नीट वाचा, चूक असेल तर तेव्हाच विचारा. उतरताना घाई नको, नंबर येईपर्यंत बसून राहावं.

आईवडिलांना ही भेट देणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती. तिकीट मोबाइलवर पाठवून मोकळे होऊ नका. एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा. ओळखपत्र, गोळ्या, केबिनचा नंबर, जमायची जागा, भोंगा, हे सगळं त्यांना समजावून सांगा आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून द्या. चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवता येईल एवढाच कागद पुरे.