क्वांटम संगणनाची पूर्वतयारी

(लोणावळा येथे मावळ तालुक्यातील विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



लोणावळ्याहून लोकलने जेथे पोहोचता येते, त्या पुण्यात आयसर या संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र कार्यरत आहे. केंद्र शासनाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. हे ज्ञान आपल्या दाराशी आले असताना त्यासाठी आधी काय शिकावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या अभ्यासाचा पाया गणिताचा आहे; आणि संमिश्र संख्या, सदिश, मॅट्रिक्स व संभाव्यता ही त्याची सुरुवात अकरावी-बारावीच्या पुस्तकांतच होते.

एक उदाहरण घेऊ. नाणे कितीही वेळा उडवले, तरी छाप पडण्याची संभाव्यता निम्मीच राहते. क्वांटम संगणकात बिटच्या जागी क्यूबिट असतो. शून्य स्थितीतील क्यूबिटवर ‘हॅडमार्ड’ नावाची क्रिया केली, तर मापनात शून्य किंवा एक मिळण्याची संभाव्यता निम्मी-निम्मी होते. परंतु मध्ये मापन न करता तीच क्रिया पुन्हा केली, तर निश्चितपणे शून्यच मिळते! येथे प्रथम संभाव्यतांची नव्हे, तर आयामांची बेरीज होते, आणि आयाम ऋणही असू शकतो. शून्याकडे नेणाऱ्या दोन वाटांचे आयाम १/२ आणि १/२. त्यांची बेरीज १. एकाकडे नेणाऱ्या वाटांचे १/२ आणि -१/२. त्यांची बेरीज शून्य. या बेरजेच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे संभाव्यता. पवना जलाशयात एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की पाणी क्षणभर सपाट होते, तसेच हे आहे. दोन ओळी व दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करून हे उत्तर वहीत पडताळता येते.

तीस क्यूबिटांची स्थिती लिहिण्यास मात्र १०७ कोटींहून अधिक संख्या लागतात. म्हणून संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा सरावही हवा. मोजक्या क्यूबिटांचे प्रयोग साध्या संगणकावर करता येतात.

प्रत्यक्ष यंत्र घडविणाऱ्यांना भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स यांचीही जोड लागेल. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले.

क्वांटम संगणक प्रत्येक गणित झटपट सोडवील, असा समज मात्र नसावा. काही विशिष्ट प्रश्नांपुरतेच त्याचे सामर्थ्य आहे.

दहावीनंतर गणित सोडण्याच्या विचारात असलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, या नव्या क्षेत्राचे प्रवेशद्वार तेच आहे. ते आपल्या हाताने बंद करू नका.