दुसऱ्या बाजूचं रेलिंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी व्यक्त केलेले मनोगत. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतःच लिहून दिले आहे.)

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. आयुष्यभर बँकेत पासबुकं भरली, माईक कधी हातात घेतला नाही. पण सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुम्ही पहिल्या दिवसापासूनच्या, तुम्ही नाही तर कोण?" म्हणून उभी आहे. उभी म्हणजे, काठीच्या आधाराने!

माझं माहेर सांगली. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय कमजोर राहिला. कॅलिपर लावून शाळा केली, कॉलेज केलं, नोकरी केली. सांगली सपाट, त्यामुळे तिथे फारसं अडलं नाही. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा कळलं की या गावात सरळ रस्ताच नाही, एक तर चढ नाही तर उतार. आमचे हे गमतीने म्हणायचे, "अजिंक्यतारा नाही चढलीस तरी चालेल, राजवाड्यापर्यंत आलीस तरी पुरे."

२५ वर्षांपूर्वी इथे दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट नाही हे माहीत होतं. पण तेव्हा जोम होता, आणि तळमजल्याचे फ्लॅट आधीच गेले होते. पुढे पन्नाशीनंतर पाय जास्त थकायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोलिओ होऊन गेलेल्यांना कित्येक वर्षांनी असा थकवा पुन्हा येतो. २०१८ च्या पावसाळ्यात जिन्यात घसरले. मनगटाला प्लास्टर लागलं, सहा आठवड्यांनी निघालं. मनातलं मात्र निघालं नाही.

हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे. माझा पाय तुम्हा सगळ्यांना दिसत होता. भीती कुणाला दिसत नव्हती. जिन्याच्या तोंडाशी आलं की छाती धडधडायची, तळहाताला घाम सुटायचा. मग मी काहीतरी निमित्त काढायची. आज पाहुणे येणार आहेत, आज कणकण आहे. हळदीकुंकू चुकवलं, गणपतीची आरती वरूनच ऐकली. तुम्हाला वाटलं असेल, काकूंना हल्ली मिसळायला आवडत नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत कृष्णेला पूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. भावाच्या घरात पाणी शिरलं, त्याचा फोन लागेना. त्या रात्री मला श्वासच घेता येईना. वाटलं, हार्ट अटॅकच. दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं, "काही झालेलं नाही, नामस्मरण करा." नामस्मरण मी करतेच हो! पण 'काही झालेलं नाही' हे खरं नव्हतं.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी समजावलं की घरात चोर नसताना घंटा वाजत राहावी, तसं शरीर उगाच धोक्याचा इशारा देत असतं. आणि ज्याची भीती वाटते ते टाळत गेलं की भीती वाढत जाते. काही महिने गोळ्या घेतल्या, त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद केल्या. आणि गृहपाठ मिळाला: पहिला आठवडा फक्त दारापुढच्या पाच पायऱ्या. मग वळणापर्यंत. मग पहिला मजला. धडधड झाली तरी पळायचं नाही, जागेवर थांबायचं. मी सांगलीची, मला पटकन समजलं. पाणी चढतं तसं उतरतंही. थांबून बघायला धीर लागतो, एवढंच.

तिथे प्रश्न आला रेलिंगचा. आपल्या जिन्याला एकाच बाजूला रेलिंग होतं. उतरताना ते उजव्या हाताला यायचं, आणि काठीही माझ्या उजव्याच हातात. भिंतीकडून दुसरं रेलिंग लावावं असा अर्ज मी दिला. सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणालं, "एका माणसासाठी सगळ्यांनी खर्च का करायचा?" बोलणाऱ्यावर माझा राग नाही. पण त्या रात्री मी झोपले नाही. पुढच्या वर्षी विषय पुन्हा आला आणि मंजूर झाला. आज त्या रेलिंगला कोण धरतं ते बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, दिवस गेलेली सूनबाई, नुकतं चालायला लागलेलं बाळ, दोन्ही हातांनी पाण्याचा जार आणणारा मुलगा दम खायला टेकतो तोही. एका माणसासाठी लावलेलं रेलिंग एका माणसाचं राहत नाही.

आपल्या भागातून मोठी माणसं झाली. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. ऊर भरून येतो. पण दिव्यांग म्हटलं की पदकच आणायला हवं असं नाही. मी सकाळी एकटी खाली उतरते, दुधाची पिशवी घेते, बाकावर वहिनींबरोबर पाच मिनिटं बसते, कोथिंबिरीचा भाव करते आणि वर येते. माझं पदक एवढंच. वर आल्यावर गवती चहा टाकून खिडकीत बसलं की किल्ल्यावर ऊन आलेलं दिसतं. औषधाइतकाच या रोजच्या गोष्टींनी मला आधार दिला.

दोन गोष्टी सांगते आणि थांबते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यात मानसिक आजारही आहे. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही, तेही कायद्याने मानलं आहे. कुणाला रात्री-अपरात्री घुसमट झाली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मोफत आहे, चोवीस तास असतो. लिहून ठेवा, गरज नसली तरी.

दुसरी विनंती शेजाऱ्यांना. मदत करायची तर आधी विचारा. कुणी एकदम दंड धरला की माझा तोल जातो. "काकू, हात देऊ का?" एवढं म्हटलंत की झालं. आणि कुणी सारखं 'येत नाही' म्हणत असेल तर 'माणूसघाणे आहेत' म्हणून सोडून देऊ नका. एकदा दार वाजवा. माझं दार वाजवणाऱ्या वहिनी इथेच बसल्या आहेत. त्यांनी कधी काही विचारलं नाही, फक्त भडंगाचा डबा घेऊन यायच्या आणि बसायच्या.

पुढच्या २५ वर्षांत आपण सगळेच म्हातारे होणार आहोत. गेटपाशी तीन पायऱ्या आहेत, तिथे एक उतार करता येईल. यंदाच्या सभेत अर्ज मी देणारच आहे. या वेळी खाली एकच सही नसावी, एवढी इच्छा.

आणि हो, आज मी जिना एकटी उतरून आले.