परदेशातील नोकरी आणि मालकाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या कोकणातील घराघरांतून पूर्वी मुलगा मुंबईस जात असे. आज तो दुबईसही जातो. आपल्यापैकी काही उद्योगी बंधूंनी तेथे गॅरेजे व उपाहारगृहे काढली असून, गावाकडील मुलांना ते हात देतात. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु हात देणे म्हणजे नेमके काय, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आमच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेला एक विद्यार्थी २०२३ साली दुबईस निघाला. त्याच्या वडिलांनी कागद आमच्यापुढे ठेविले. आम्ही ते वाचून "खुशाल पाठवा" असे सांगितले. तो व्हिसा नोकरीचा नसून केवळ भेटीचा आहे, हे आमच्या ध्यानी आले नाही. मालक ओळखीतलाच. "पुढील महिन्यात निवासाचा परवाना करून देतो," असे तो म्हणत राहिला; पासपोर्ट मात्र त्याच्या कपाटात. मुदत टळली आणि दिवसास ५० दिरहम याप्रमाणे दंड चढू लागला. बहिणीच्या लग्नातील मंगलाष्टके मुलाने फोनवर ऐकली. २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तेथील सरकारने माफीची सवलत दिली, तेव्हा तो रिकाम्या हाताने परतला. तो मालक दुष्ट नव्हता. खर्च आणि खटपट टाळीत होता, एवढेच. पण त्या टाळाटाळीत एका मुलाचे उमेदीचे दिवस गेले.

म्हणून योग्य मार्ग कोणता, ते सांगतो. तेथील सर्वसाधारण खाजगी नोकरीत हा अर्ज कामगाराने करावयाचा नसतो. तो मालकाने करावयाचा असतो. मालकाने प्रथम वेतन, काम व रजा स्पष्ट लिहिलेले नोकरीचे पत्र द्यावे. ते हिंदीतही मिळू शकते. मुलाने ते समजून मगच सही करावी. नंतर मालक मनुष्यबळ मंत्रालयाकडून कामाचा परवाना व त्यावर प्रवेशपरवाना काढतो. मुलगा तेथे उतरल्यावर ६० दिवसांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी, ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे, करारपत्र व निवासाचा परवाना हे सर्व पुरे करावयाचे असते. हा परवाना बहुधा २ वर्षांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करणे हेही मालकाचेच काम. १ जानेवारी २०२५ पासून खाजगी नोकरांचा आरोग्यविमा सर्व अमिरातींत आवश्यक झाला असून तोही मालकानेच काढावयाचा आहे.

हा खर्च कोणाचा? २०२१ च्या तेथील कामगार कायद्याने, भरतीचा व नोकरीवर घेण्याचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष घेण्यास मालकाला मनाई केली आहे. पगारातून हप्त्याने कापणे हेही त्यातच आले. कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणेही निषिद्ध आहे. परवान्याविना माणूस कामास ठेविल्यास २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे १ लाख ते १० लाख दिरहम दंड होतो. तेव्हा परवाना करून देणे हा उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे. दलाल ज्याला "आझाद व्हिसा" म्हणतात, त्यास कायद्यात स्थान नाही.

आपल्याकडील बाजूही ध्यानात ठेवावी. दहावी न झालेल्या मुलास अमिरातीत नोकरीस जाण्यापूर्वी प्रवासी संरक्षकांची अनुमती घ्यावी लागते. ही अडचण नसून कुंपण आहे; तिच्यासाठी मालकाचे करारपत्र तपासले जाते, तसेच १० लाखांचा विमाही उतरविला जातो. भेटीच्या व्हिसावर जाणारा मुलगा हे कुंपण ओलांडून उघड्यावर पडतो. नोंदणीकृत दलालासही ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. शेत गहाण टाकून दोन लाख मोजणाऱ्या बापाला हे कोणी तरी सांगावयास हवे.

तेथील आपल्या उद्योजक बंधूंस आमची हात जोडून विनंती आहे. ज्ञातीचा मुलगा म्हणून त्याला बोलावता, तर ज्ञातीचा म्हणूनच कागद उशिरा केले तरी चालतील, असे मानू नका. परका मनुष्य कागद मागतो. आपला मुलगा भिडेपोटी मागत नाही. म्हणून ते न मागता द्यावेत.

आणि मातापित्यांस सांगणे एवढेच, की मुलाची पेटी भरण्याआधी कागद पाहा. दर रविवारी सकाळी आम्ही आमच्या घरी हे कागद वाचून देण्यास बसू. एकदा न कळता मान डोलविली. पुन्हा तसे घडू नये, ही इच्छा आहे.